बांधलेल्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

इंजिन बांधून, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून, गाडी ताब्यात देताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "आता चाळीसच्या वर न्यायची नाही, होय ना?" मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ (इंजिन अजून रुळतंय) लिहून महिनाभर रस्ता अडवत चालणाऱ्या गाड्या त्यांनी लहानपणी बघितलेल्या असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. चाळीसच्या वर खुशाल न्या, पण एकाच स्पीडला धरून ठेवू नका. आणि दारात उभी करून घरघरत तर अजिबात ठेवू नका.

मी इथं कार्बोरेटरवाली मारुती 800 डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. मारुती 800 चं उत्पादन 2014 साली बंद झालं, तरी कोल्हापूरच्या आसपास या गाड्या अजून भरपूर आहेत आणि बांधायलाही येतात. 796 सीसी, तीन सिलिंडर, 68.5 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लॉक बोअर करून घ्यायचा, म्हणजे झिजलेली भोकं थोडी मोठी करायची, 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन आणि त्याभोवतीच्या नव्या रिंगा टाकायच्या, की इंजिन उभं राहिलं. रिंगा बसवायचं निम्मं काम मात्र रस्त्यावर होतं, आणि ते मालकाच्या पायात असतं.

होनिंग केलेल्या, म्हणजे दगडानं आतून घासलेल्या बोअरमध्ये बॅटरी मारून बघा. एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा दिसतील. टाकी लावलेल्या जात्यासारखा तो भाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. रिंग आणि भिंत एकमेकांवर घासून जुळतात, तेव्हा कुठं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, धरतं. आता गंमत अशी, की रिंगेचा स्वतःचा ताण फार नसतो. जळालेल्या वायूचा दाब रिंगेच्या मागं शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर दाब, नाही तर नाही. हळूहळू, लाडानं चालवलेल्या इंजिनात रिंग नुसती ऑइलवरून सरकत राहते, भिंतीवर ऑइल भाजून गुळगुळीत थर बसतो, रेघा बुजतात. मग ते इंजिन कायमचं ऑइल खातं. एकानं ‘मोकळं होऊ दे’ म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तासन्‌तास आयडलला, म्हणजे नुसतं उभ्या जागी चालू, लावलं होतं. पुन्हा उघडून होनिंग करावं लागलं, रिंगा परत नव्या.

पहिलं स्टार्ट गॅरेजमध्येच व्हायला पाहिजे. ऑइल साधं मिनरल 20डब्ल्यू-40 घाला, महागडं सिंथेटिक नंतर. तिन्ही प्लग काढून सेल्फ थोडा थोडा मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. प्लग नसले की इंजिनावर भार नसतो आणि बेअरिंगांपर्यंत ऑइल आधी पोचतं. ठिणगीचं टायमिंग अगोदरच जुळवून ठेवा, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलेलं असू दे. इंजिन पहिल्या-दुसऱ्या वेळेलाच पकडलं पाहिजे, उगाच सेल्फ मारत बसायचं नाही. चालू झालं की आयडलला न सोडता अंदाजे दीड ते दोन हजार आरपीएमला ठेवा, तेही थोडं वर-खाली करत. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, तेव्हा मेकॅनिकचा कान हाच काटा. तेवढ्यात खाली वाकून गळती बघा, पाण्यातली हवा निघू द्या, पंखा वेळेवर लागतो का ते बघा. तापमान जागेवर आलं आणि सगळं कोरडं असलं की रस्त्यावर काढा. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनीसारख्या पुशरॉडच्या इंजिनात कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) नवे असतील तर दोन हजारावर वीस मिनिटं काढावीच लागतात, तो वेगळा हिशोब.

रस्ता कसा? मी वाघबीळवरून पन्हाळ्याकडं सांगतो. सपाटीला तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून पाऊण अ‍ॅक्सिलरेटर देत पन्नासपर्यंत न्या, मग पाय पूर्ण काढून गिअरमध्येच तीसवर येऊ द्या. हे दहा-बारा वेळा. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, रिंगांशी ऑइल येतं, घासलेला कीस धुऊन जातो आणि गरम झालेल्या रिंगा जरा निवतात. म्हणून दाबणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सोडणं. घाटात चढताना दुसरा-तिसरा गिअर, उतरताना न्यूट्रल अजिबात नाही. चौथ्यात तीसच्या स्पीडनं चढ ओढायला लावू नका, इंजिन गुदमरतं आणि बेअरिंगांवर मार बसतो. एसी बंद. नवी गाडी म्हणून देवाला न्यायचीच असेल तर जोतिबाला न्या, डोंगरही चढून होतो. फक्त चैत्र यात्रेत नको, तिथं चार तास गर्दीत आयडलवरच जातील.

पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत स्पीड सत्तरच्या आत, हायवेला एकसारखं न पळवता. पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन तिरुपतीची ट्रिप हजारानंतर.

शंभर किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. इथं पैसे वाचवू नका, होनिंगची उरलेली पूड आणि घासलेला कीस सगळा त्यात असतो. जुना फिल्टर फेकू नका, कडेनं कापा, पण हॅकसॉनं नको, त्याचाच कीस आत पडतो. आतला कागद उलगडून पक्कडीत पिळा आणि उन्हात तिरका धरा. बारीक करडी, चमचमणारी पूड दिसली तर चालतंय. नखाला लागणारे चपटे तुकडे, त्यात तांब्याचा किंवा चांदीसारखा रंग असेल, तर बेअरिंग बोलतंय, गाडी तिथंच थांबवा. लोहचुंबक फिरवा, चिकटलं ते लोखंड.

रोज सकाळी, गाडी सपाटीवर, इंजिन गार असताना डिपस्टिक बघायची. सुरुवातीला ऑइल थोडं कमी होणारच, पण त्याचा खप दर आठवड्याला घटत गेला पाहिजे. दाबल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा बसल्या नाहीत. रात्रभर उभी राहून सकाळी फक्त स्टार्टला एक फुसका आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. संशय असेल तर कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) बघा.

हजारला पुन्हा ऑइल-फिल्टर, आणि टॅपेटची फट गार इंजिनावर मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार. हेड बोल्ट परत आवळायचे की नाही हे गॅस्केटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. शेजारचा मेकॅनिक सांगतोय म्हणून पाना लावू नका.