मधल्या ताकदीचे काडतूस कसे ओळखावे

मधल्या ताकदीचे म्हणजे पिस्तुलाच्या आणि पूर्ण ताकदीच्या रायफलच्या काडतुसांच्या मधले. नमुना निकामी केलेला आहे याची खात्री झाल्यावरच व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या. नुसत्या गोळीच्या मापावर गेलात तर फसाल: जर्मनांचे जुने, पूर्ण ताकदीचे रायफल-काडतूस आणि स्टुर्मगेवेअर ४४ या त्यांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या रायफलचे मधल्या ताकदीचे ‘कुर्त्स’ (म्हणजे आखूड), दोन्ही ७.९२ मिमीचीच. म्हणून नळकांड्याची, म्हणजे गोळी ज्यात बसवलेली असते त्या धातूच्या कवचाची, लांबी मोजा. ५७ मिमी म्हणजे जुने, ३३ मिमी म्हणजे कुर्त्स. बुडाचा व्यास मात्र दोन्हींचा सारखाच, सुमारे १२ मिमी, त्यामुळे जुनी यंत्रसामग्री बरीचशी कामी आली. ३९ मिमी लांबी आणि ११.३५ मिमी बूड भरले तर ते सोव्हिएत ७.६२, कलाश्निकोव्हचे. याचे नळकांडे जास्त निमुळते. मॅगझिनचा बाक त्यातूनच आला. नळकांडे पोलादी आहे का हे पाहायला चुंबक लावायचे तर बुडाशी लावा. गोळीतही लोखंड असू शकते.