नव्या कन्सोलवर गेम सुरू होताच टीव्ही काळा: माझा अनुभव

पाडव्याला एमजी रोडवरून कन्सोल आणला. सिडकोत घरी पोचेपर्यंत लेकाने खोका मांडीवरून खाली ठेवला नाही. मेनू झकास दिसला. पण गेम सुरू झाला की पडदा काळा, आवाज मात्र चालू. तीन-चार सेकंदांनी चित्र परत, मग पुन्हा अंधार.

रीस्टार्ट, अपडेट, दुसरा प्लग, सगळं करून झालं. पाडव्याची संध्याकाळ पाण्यात गेली.

जमलं ते या क्रमाने. आधी कन्सोल मेनूतून पूर्ण बंद केला, स्लीपमध्ये नव्हे. सेट-टॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय केबल काढून (लांब आहे म्हणून मीच हौसेने लावली होती!) खोक्यातली लावली. जुन्या एचडीएमआय २.० प्रकाराची मर्यादा १८ जीबीपीएस (सेकंदाला १८ गिगाबिट डेटा), नव्या २.१ ची ४८. ४के १२० हर्ट्झला (खूप बारीक तपशिलाचं चित्र, सेकंदाला १२० वेळा) जुनी केबल पुरत नाही. केबल टीव्हीच्या '४के १२०' लिहिलेल्या पोर्टमध्येच घातली. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्याच पोर्टचा सिग्नल फॉरमॅट 'स्टँडर्ड'वरून 'एन्हान्स्ड' केला. माझ्या टीव्हीत हे प्रत्येक पोर्टला वेगळं करावं लागतं, तिथेच फसलो होतो. शेवटी कन्सोल सुरू करून त्याची चित्राची सेटिंग एकेक करून वाढवली: आधी १०८०पी (फुल एचडी), मग ४के, मग एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा), सर्वांत शेवटी १२० हर्ट्झ. प्रत्येक वेळी दहा मिनिटं गेम खेळून बघितला.

तपासणीचं काम लेकाने आनंदाने केलं. चार दिवस झाले, पडदा एकदाही काळा झालेला नाही.