बोटीवरची वीज गेली तर बॅटरी बदलण्याआधी जोड तपासा

बोट हर्णे बंदरासमोर नांगरावर आहे, पहाटे निघायचं आहे, आणि सेल्फ मारला तर नुसतं 'टक्' होतं. अशा वेळी निकाल ठरलेला असतो: बॅटरी बसली. नवी बॅटरी येते, आठवडाभर काम चालतं, मग पुन्हा तेच 'टक्'. मुळात बॅटरीत दोष नव्हताच. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर एक जोड मिठाने खाल्लेला होता. नवी बॅटरी बसवताना टर्मिनल जरा घासलं गेलं, म्हणून आठवडा निघाला.

खाऱ्या वाऱ्यात वीज जाते ती बहुतेक वेळा जोडांत. म्हणून इथे सांगितलेला क्रम जोडांपासून सुरू होतो आणि प्रत्येक पायरीला मोजमाप आहे. लागणारं सामान थोडं आहे: साधा डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, १० आणि १३ नंबरचे पाने, खायचा सोडा. केबिनमध्ये गॅसची शेगडी असेल तर सिलिंडर बंद करा आणि बॅटरीच्या पेटीचं झाकण दहा मिनिटं उघडं ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते. केबल काढताना मायनस आधी काढायची, लावताना मायनस शेवटी लावायची. उलट केलंत आणि पाना प्लसवरून इंजिनाला टेकला, तर पाना तिथेच चिकटून लाल होतो.

व्होल्टेज कधी खरं मानायचं

इंजिन बंद करून चार-पाच तास झाल्यावर, सगळे दिवे बंद ठेवून बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली रिकामी. २४ व्होल्टच्या बोटीवर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. नुसती २४.६ ही बेरीज पाहून समाधान मानलंत, तर एक १२.७ वर आणि दुसरी ११.९ वर असली तरी कळणार नाही.

हा आकडा मात्र अर्धीच गोष्ट सांगतो. वायरीच्या शंभर तारांपैकी दोन शिल्लक असल्या तरी मीटर १२.६ दाखवतो, कारण मीटर स्वतः वीज जवळपास ओढतच नाही. भार पडला की त्या दोन तारा हात टेकतात. म्हणून मोजमाप भार चालू असतानाच करायचं. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर धरायचा. सेल्फ फिरताना बॅटरीवर ९.६ च्या खाली (२४ व्होल्टला १९ च्या खाली) येत असेल, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम आहे. बॅटरीवर ११ टिकून आहेत आणि सेल्फच्या बोल्टवर ८ च पोचतात, तर चोर मधल्या केबलमध्ये बसला आहे.

तो पकडायची रीत अशी. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीवर बसलेल्या लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा). सेल्फ मारा. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. मग टोकणी पुढे सरकवा: लगपासून मेन स्विचपर्यंत, स्विचच्या आत-बाहेर, स्विचपासून सेल्फपर्यंत. अख्ख्या प्लसच्या वाटेवर मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गेलं, तर ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो तोच दोषी. मायनसच्या बाजूलाही हेच करा: बॅटरीची मायनस खुंटी आणि सेल्फची बॉडी. तिथे ०.२ ते ०.३ पुरे. मायनसकडे सहसा कोणी बघत नाही, आणि अर्थची केबल इंजिनाला लागते तो बोल्ट बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्याच्या सगळ्यात जवळ असतो.

दोषी जोड सापडला की वरवर घासून सोडू नका. काळी टेप लावली असेल तर ती उघडा. टेपखाली हिरवी पूड दिसेल. मग वायरीचं आवरण चाकूने आणखी एक इंच सोला: वरून लालभडक दिसणाऱ्या वायरीची तार आतून काळी पडलेली असते. खारं पाणी तारांच्या मधून वातीसारखं वर चढतं. तांब्याचा चकचकीत रंग दिसेपर्यंत वायर मागे कापत जायचं, काळी तार कितीही घासली तरी धरत नाही. नवीन लग क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून बसवा, हातोडीने ठोकून नाही. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि सगळं झाल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेली. जेली दोन धातूंच्या मध्ये नको, कसल्यानंतर वरून. इन्सुलेशन टेप उन्हात वितळते, तिचा चिकट द्रव पसरतो आणि तीच ओल धरून ठेवते. होडीवर टेप फक्त घरी पोचेपर्यंतची.

खुंटीवर पांढरी-निळी पूड जमली असेल तर वाटीभर गोड्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ओता, फसफसणं थांबलं की धुवा. सेलची झाकणं घट्ट लावलेली हवीत. सोडा आत गेला तर ॲसिडच मरतं.

सेल्फचा आवाज ऐका

केबिनचा दिवा चालू ठेवून सेल्फ मारा. दिवा पार विझला आणि भराभर 'टकटकटक' आलं, तर बॅटरी रिकामी किंवा मोठा जोड सैल. दिवा जेमतेम मंदावला आणि एकच दणदणीत 'टक्' आलं, तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या मोठ्या स्विचचे) आतले संपर्क जळलेत किंवा सेल्फचे कार्बन (आत घासणारे ब्रश) संपलेत. दिवा तसूभरही हलला नाही आणि आवाजही नाही, तर वीज सेल्फपर्यंत निघालेलीच नाही: चावी, बटण, रिले, गिअरचा न्यूट्रल स्विच असेल तर तो, आणि सोलेनॉइडच्या बारीक खुंटीवरची वायर. ती वायर निघालेली असणं इतकं नेहमीचं आहे की आधी तिथेच हात घाला. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर आधी बॅटरी आणि मग सेल्फची वायंडिंग, दोन्ही जातात.

चार्जिंग

इंजिन मध्यम वेगावर ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ (किंवा २७.६ ते २८.८) हवेत. बॅटरी खूप उतरलेली असेल तर सुरुवातीला कमी दिसेल, अर्धा तास द्या. १४.८ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे. पाणी भराभर आटतं, अंड्यासारखा कुजका वास येतो, दिव्यांचे बल्ब उडतात. या स्थितीत बंदराकडे वळा.

१२.५ च्या आसपासच अडकलं असेल तर आधी अल्टरनेटरचा (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) पट्टा बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. आजूबाजूला काळी भुकटी पडली असेल तर पट्टा घसरतो आहे. पट्टा ठीक असेल तर अल्टरनेटरच्या मोठ्या खुंटीवर मोजा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १३ असतील, तर अल्टरनेटर निर्दोष आहे, केबल किंवा मधला फ्यूज खराब आहे. तिथेही १२.५ असतील, तर चावी फिरवून इंजिन न लावता स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. ते ओढलं गेलं, तर आत चुंबक तयार होतो आहे, म्हणजे डायोड किंवा वायंडिंग बघा. ओढलं नाही, तर कार्बन झिजलेत किंवा चार्जिंगच्या दिव्याचा बल्बच उडालाय. अनेक अल्टरनेटर त्या छोट्या बल्बमधून मिळणाऱ्या विजेवर जागे होतात, म्हणून चावी फिरवल्यावर तो लाल दिवा पेटतो का, हे रोज पाहायला हवं.

चालू इंजिनावर मेन स्विच बंद करू नका. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जळतात. कधी कधी वायरलेस आणि जीपीएसही त्यात जातात. धूर निघत असेल तर मात्र डायोडची पर्वा न करता मेन बंद. विजेच्या आगीवर खारं पाणी मारायचं नाही, ड्राय पावडरचा सिलिंडर वापरा.

रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

सगळे स्विच बंद करा, मायनसची केबल काढा आणि केबल व खुंटी यांच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा. पेटला तर मोठी गळती आहे. नाही पेटला तर मीटर १० अँपिअरच्या खाचेत घालून तिथेच लावा (या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल). काही मिलिअँपिअर चालतात. १ अँपिअर म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-अवर, म्हणजे १०० ची बॅटरी दोन दिवसांत अर्धी. आता एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, गळती त्या वाटेवर. एकही फ्यूज काढून आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची मोठी वायर सोडवा, डायोड फुटला असेल तर तिथे कळेल.

पहिला संशय बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचवर घ्या. त्याच्या वायरी कायम पाण्यात असतात, आणि तो पंप मेन बंद असतानाही चालावा म्हणून थेट बॅटरीवर असतो (तसाच असायला हवा, स्वतंत्र फ्यूज लावून). जोड बिल्जच्या तळाशी सोडू नका, हातभर वर घ्या. इथली गळती बॅटरी तर उतरवतेच, शिवाय प्लसची वीज पाण्यातून शाफ्ट आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याकडे जाऊ लागली तर धातू आठवड्यांत खाल्ला जातो. पंख्याऐवजी झिजावेत म्हणून लावलेले झिंकचे तुकडे नेहमीपेक्षा फार लवकर संपत असतील, तर पंख्यावाल्याकडे जाण्याआधी ही गळती शोधा.

२४ व्होल्टच्या बोटींवर एक चूक वारंवार दिसते. वायरलेस १२ व्होल्टचा, म्हणून त्याची वायर दोनपैकी एका बॅटरीवरून घेतलेली असते. दिवसभर तीच बॅटरी उतरते, पण चार्जिंग दोघींना सारखंच मिळतं. मग एक कायम उपाशी राहते आणि दुसरी उकळत राहते. वर्षाच्या आत दोन्ही संपतात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला जातो. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर एका बॅटरीच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतो. बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या.

वायर किती जाडीची

१२० वॅटचा सर्च लाइट १२ व्होल्टला १० अँपिअर घेतो. केबिनपासून नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) ८ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १६. इथे २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली तर १.१ व्होल्ट वाटेतच जातो आणि दिवा पिवळा पडतो. ६ स्क्वेअरला अर्धा व्होल्टही जात नाही, १० स्क्वेअरला पाव व्होल्टच्या थोडं वर. तोच १२० वॅटचा दिवा २४ व्होल्टचा असेल तर २.५ स्क्वेअर पुरते. तारेला कथिलाचा मुलामा असलेली, अनेक बारीक तारांची वायर घ्या. घरातली एकाच जाड तारेची वायर इंजिनाच्या थरथरीने तुटते. फ्यूज वायरीच्या जाडीप्रमाणे असतो, दिव्याप्रमाणे नाही, आणि तो बॅटरीच्या वीतभर अंतरात हवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून जाड तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

खोल पाण्यात असताना

चार्जिंग गेलं आणि इंजिन चालू आहे, तर इंजिन बंद करू नका. साध्या यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन एकदा लागलं की विजेशिवाय चालतं. बर्फ फोडायची मोटर, पंखे, डेकचे दिवे, मोबाइलचे चार्जर सगळं बंद. चालू ठेवायचं ते डावा लाल, उजवा हिरवा, डोलावरचा आणि मागचा पांढरा, वायरलेस, जीपीएस. हे सगळं एलईडीवर असेल तर २ ते २.५ अँपिअरमध्ये भागतं, आणि १०० च्या भरलेल्या बॅटरीतून निम्मी वीज धरली तरी वीस तास निघतात. २५ वॅटचे चार जुने बल्ब असतील तर सहा तास. वायरलेस ऐकताना फार थोडी वीज घेतो, २५ वॅटवर बोलताना ५-६ अँपिअर. जवळच्या बोटीशी १ वॅटवर बोला, आणि मदत हवी असेल तर बॅटरी संपत आल्यावर नव्हे, आधीच १६ नंबरच्या चॅनेलवर जागा सांगून ठेवा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

जून-जुलैत

बोट वर ओढून झाप घातले की बॅटऱ्या त्यावरच राहू देऊ नका. रिकाम्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नंतर कितीही चार्ज केली तरी ती भरत नाही. भरून घरी न्या, लाकडावर ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा भरा. पाणी फक्त डिस्टिल्ड, पत्र्यांच्या वर बोटाच्या पेराएवढं, आणि तेही चार्ज झाल्यावर घाला. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल मोजून पाटीवर लिहा. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी ऑगस्टात खोल समुद्रात न्यायची नाही. बोटीवर उरलेल्या वायरींची टोकं गोड्या पाण्याने पुसून, जेली लावून, वर बांधून ठेवा. इंजिनाच्या अर्थचा बोल्ट याच दिवसांत उघडून चकचकीत करायचा, कारण सीझन सुरू झाल्यावर त्याच्यापर्यंत हात पोचत नाही.