शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक: पेशंट भाजण्यामागच्या या चुका टाळा

शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणजे रेडिओलहरींनी शरीराच्या आत ऊब पोचवणारा मशीनचा शेक. मीटरचा काटा वर चढला म्हणजे शेक बरोबर लागला, असं समजून खोलीबाहेर जाणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मशीन २७.१२ मेगाहर्ट्‌झवर चालतं, आणि काटा फक्त मशीन व पेशंट यांचं सर्किट जुळलं आहे एवढंच सांगतो. गुडघ्यात किती ऊब पोचली याचा आकडा मशीनवर कुठंच नसतो. डोस ठरतो तो पेशंटला काय जाणवतं त्यावर.

म्हणून त्वचेला कळतं का, हे आधी तपासा. एका परीक्षानळीत कोमट आणि दुसरीत थंड पाणी घ्या. पेशंटला डोळे मिटायला सांगून नळ्या उलटसुलट क्रमानं लावा. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांना हा फरक कळत नसेल तर तिथं हा शेक देऊ नका. संवेदना चांगली असली तरी प्रश्न संपत नाही. ऊसतोडीला जाणारा माणूस हमखास म्हणतो, "जरा वाढवा की, काय बी लागंना!" त्याच्या लेखी जास्त गरम म्हणजे जास्त गुण. त्याला आधीच बजावून सांगा: सुखाची, मऊ ऊब हवी, चटका किंवा टोचणी जाणवली की लगेच हाक मारायची आणि झोपायचं नाही.

अंगावरचं सोनं-चांदी

'दागिने काढा' एवढं सांगून भागत नाही. जोडवी, पैंजण, मंगळसूत्र आठवतं. पण कमरेचा चांदीचा करदोडा, परकराला लावलेली सेफ्टी पिन, साडीच्या काठातली खरी जर आणि खिशातल्या किल्ल्या राहून जातात. धातूजवळ विद्युतक्षेत्र एकवटतं आणि नेमकी तिथलीच त्वचा भाजते. एकेका वस्तूचं नाव घेऊन विचारा. मोटारसायकलच्या अपघातात मांडीत रॉड बसला होता का, हेही असंच विचारावं लागतं, कारण दहा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन लोक सांगायचं विसरतात. कॉपर-टी असेल तर ओटीपोट आणि कंबर वगळा.

पेसमेकर किंवा मेंदूत-मणक्यात बसवलेला उत्तेजक (नसांना विजेचे सौम्य झटके देणारं उपकरण) असेल तर डायथर्मी शरीराच्या कुठल्याही भागाला नको, उपकरण बंद असलं तरी नको. मेंदूत तारा असलेल्या पेशंटना डायथर्मीनंतर गंभीर इजा झाल्यावर अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) २००२ मध्ये तसा इशाराच दिला होता. गर्भारपण, कॅन्सरची जागा आणि रक्तपुरवठा तुटलेला पाय यांनाही हा शेक नाही. मार लागून दोनच दिवस झाले असतील तर तिथं उष्णता देऊ नका.

ओला टॉवेल

पाटण, जावळीकडं आषाढ-श्रावणात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट टॉवेल मशीनच्या पॅडखाली (शेक देणाऱ्या रबरी गादीखाली) गेला की पाण्याची वाफ होते आणि त्वचा पोळते. घामाचंही तसंच. त्वचा कोरडी पुसा, नायलॉनचे कपडे बाजूला करा आणि पावसाळ्यासाठी कोरड्या टॉवेलांचा वेगळा संच कपाटात ठेवा. दोन्ही गुडघ्यांना एकदम शेक देताना ते एकमेकांना चिकटू देऊ नका, मधे घडी केलेला टॉवेल हवाच.

पॅड आणि त्वचेत साधारण दोन ते चार सेंटिमीटर अंतर ठेवा. पॅड फार जवळ आला तर वरची कातडीच तापते, आतपर्यंत ऊब जात नाही. दोन बाजूंचं अंतर कमी-जास्त झालं तर जवळची बाजू भाजते. घोटा किंवा वाटीसारखं उंच हाड पॅडच्या दिशेला आलं तर उष्णता तिथंच गोळा होते, म्हणून कोन बदलून लावा.

केबल एकमेकींना, पेशंटला किंवा पलंगाच्या लोखंडी दांडीला टेकू देऊ नका, त्यांची गुंडाळीही करू नका. व्हीलचेअरवर बसवूनच शेक देण्याचा मोह टाळा. पेशंटला लाकडी खुर्चीवर किंवा लाकडी पलंगावर घ्या. स्वतः निदान एक मीटर दूर उभं राहा. गरोदर सहकाऱ्यांना मशीन चालू असताना खोलीत थांबवू नका.

साधारण पंधरा-वीस मिनिटं शेक द्या, पण दर पाच मिनिटांनी त्वचा बघा. फिकी, सारखी लाली ठीक आहे. ठिपके, गडद डाग किंवा फोड दिसले तर मशीन बंद करून वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांना दाखवा. सांगली हळदीची पेठ असली तरी भाजलेल्या जागी हळद लावायची नाही, बर्फही नाही.

२४५० मेगाहर्ट्‌झचं मायक्रोवेव्ह मशीन असेल तर डोळे आणि अंडकोष किरणांच्या वाटेत येऊ देऊ नका. डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे उष्णता वाहून जात नाही आणि मोतीबिंदूचा धोका असतो.

ऊब लागतच नाही

आधी डोस शून्यावर आणा, मगच हात लावा. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनला तापायला काही मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. मग निऑन टेस्टर पॅडजवळ धरा. तो पेटला नाही तर केबलची टोकं सैल आहेत का, आत तार तुटली आहे का ते पाहा. टेस्टर पेटतो पण काटा चढत नाही, तर ट्यूनिंगची कळ सावकाश फिरवा. पेशंट हलला असेल तर पुन्हा ट्यून करावं लागतं. जळक्या रबराचा वास आला किंवा पॅडला चीर दिसली तर टेप लावू नका, पॅड बदला. मधेच लाईट गेली तर डोसची कळ तेव्हाच शून्यावर आणा, म्हणजे वीज परत आल्यावर पेशंटवर एकदम पूर्ण जोर येणार नाही.