‘संशयकल्लोळ’ नववीच्या वर्गात: एकच प्रवेश, पण नीट

सगळं नाटक वाचायला घेऊ नका, हे आधीच सांगते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची शाळा, तिथं तास चाळीस मिनिटांचा, त्यातला काही वेळ हजेरीत जातो. पूर्ण नाटक घेतलं की थोड्याच दिवसांत मुलं ‘पुढं काय होतं ते सांगा की टीचर’ म्हणून मागे लागतात. आपणही गोष्ट सांगून मोकळे होतो आणि वाचन तिथंच संपतं. म्हणून तसबिरीचा प्रवेश तेवढा घ्या. गोविंद बल्लाळ देवल १९१६ सालीच वारले, त्यामुळे हक्काबिक्काची भानगड नाही. दोघांत एक अशा झेरॉक्स काढा. समास मोठा ठेवा, मुलांना त्यात लिहायचंय.

लेखक-परिचय लांबवू नका. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, पण शिकले बेळगावात, आणि काही काळ इथंच त्यांनी मास्तरकी केली. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. एवढं ऐकलं की मागच्या बाकांवरच्या माना वर होतात. नाटकाचं मूळ फ्रेंच नाटककार मोलियेरचं, १६६० सालचं. तिथून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात, आणि तिथून देवलांकडे. आधी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक झालं, मग १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं त्याचं संगीत रूप रंगभूमीवर आणलं. हे फळ्यावर लिहा आणि पुसून टाका. पाठ करून घेण्यासारखं त्यात काही नाही.

आता प्रसंग. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका हे घरातून बघते. ती तावातावानं बाहेर येईपर्यंत तिथं कुणी नसतं, जमिनीवर पडलेली असते ती रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर. ती उचलून कृत्तिका न्याहाळत असताना फाल्गुनराव परत येतो आणि मागून तिला बघतो.

वाचण्याआधी हे करून बघायचं, तेही एक शब्द न बोलता. आमच्या वर्गाला व्हरांड्याकडे गजांची खिडकी आहे. व्हरांडा म्हणजे रस्ता. कृत्तिका झालेल्या मुलीला खिडकीच्या आत उभी करा, रेवती आणि फाल्गुनराव बाहेर. अर्धा वर्ग कृत्तिकेच्या मागे उभा राहील, अर्धा व्हरांड्यात. रेवती पडली, त्यानं धरलं, संपलं. मग प्रत्येकानं वहीत एकच वाक्य लिहायचं: मी काय बघितलं. गेल्या खेपेला आतल्या बाजूच्या एका मुलीनं लिहिलं, ‘त्यानं तिला जवळ घेतलं.’ बाहेरच्या मुलानं लिहिलं, ‘ती पडत होती, त्यानं दंड धरला.’ दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली. वर्गात जो गलका झाला त्यात माझं निम्मं काम झालं. ‘बघितलं’ आणि ‘ठरवलं’ असे दोन रकाने त्या वेळी पाडायचे. आधी पाडले तर तो गृहपाठाचा तक्ता होतो.

मग कागद हातात द्यायचा. प्रत्येक वाक्यापुढे समासात ‘ब’ किंवा ‘ठ’. काही वाक्यांवर भांडण होईल, होऊ द्या. उत्तर तुम्ही द्यायचं नाही, फक्त ‘कुठल्या शब्दावरून म्हणतोस?’ एवढंच विचारत राहायचं. आमच्याकडे कानडी घरातली बरीच मुलं मराठी माध्यमात असतात, आणि या कामात ती पुढे असतात असा माझा अनुभव आहे. शब्द अडला की ती थांबतात. घरात मराठी बोलणारी मुलं सगळं कळल्यासारखी सुसाट पुढे जातात.

पुढची पायरी स्वगतांची. स्वगतं लाल पेननं अधोरेखित करायला लावा, मग ती वगळून दोघांकडून फक्त संवाद मोठ्यानं वाचून घ्या. नवरा-बायकोचं साधं, जरा कटकटीचं भांडण ऐकू येतं. मग स्वगतांसकट वाचा. हसू कुठं फुटलं तिथं समासात फुली मारा. बहुतेक फुल्या अशा जागी येतात जिथं आपल्याला माहीत आहे आणि समोरच्या पात्राला नाही. मुलं हे स्वतःच बोलून दाखवतात. नाही बोलली तर आणखी एकदा वाचा, पण सांगून टाकू नका. अधूनमधून एखादा फाल्गुनराव ‘काय बघूलालीस गं?’ असं आपल्या बेळगावी वळणानं म्हणून मोकळा होतो. खुशाल म्हणू द्या, पण नंतर विचारा, हा प्रश्न आहे की आरोप? फाल्गुनरावाला उत्तर नको असतं, कबुली हवी असते.

मोबाइल मात्र आपण होऊन वर्गात आणू नका. तसबीर म्हणजे आजचा डीपी वगैरे म्हटलं की मुलं खूश होतात आणि नाटक बाजूला राहतं. शिवाय तुलना चुकते. डीपी शंभर जणांकडे असतो. ही तसबीर एकच आहे, म्हणून ती ज्याच्या हातात जाईल तो गुन्हेगार ठरतो. रेवती, रस्ता, कृत्तिका, फाल्गुनराव असा तिचा प्रवास बाणांनी काढायला लावा. पुढे ती फाल्गुनरावाकडे आहे हे कळल्यावर अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो, तो बाणही जोडा. प्रत्येक बाणावर कुणी काय ‘ठरवलं’ ते लिहायचं. नाटकाचं यंत्र त्या एका कागदावर दिसतं.

रेवती नायकिणीची मुलगी आहे, हे लपवू नका आणि त्यावर वर्गात खसखसही पिकू देऊ नका. आपला जिल्हा यल्लम्माच्या सौंदत्तीचा आहे. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकानं १९८२ साली कायदा केला, पण जखमा अजून घरांत आहेत आणि त्या घरांतली मुलं आपल्या बाकांवर असू शकतात. कुणाच्या घरचं उदाहरण मागायचं नाही, प्रश्न नाटकातच ठेवायचा: फाल्गुनरावाचा संशय त्याच्या स्वभावातून येतो, अश्विनशेठच्या संशयात रेवतीच्या जन्माचा वाटा किती? शब्दावर बोट ठेवून दाखवा. इथं वर्ग शांत होतो, मुली जास्त बोलतात.

पदं शेवटी ऐकवा. आधी ऐकवलीत तर मुलं ताल धरतात आणि ओळी निसटतात. पात्रांच्या नावांचा खेळ मात्र मधे कधीही चालतो: कालनिर्णय आणायला सांगा. फाल्गुन, अश्विन, भादव्या, वैशाख हे पुरुष महिने. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा या बायका नक्षत्रं. कृत्तिका नक्षत्राचा महिना कार्तिक, आणि इथं ती फाल्गुनाच्या घरात, हे एखादं चलाख पोर काढतंच. देवलांनी मुद्दाम केलं का, याचा खल नको.

चाचणीत ‘फाल्गुनरावाचे स्वभावचित्र रेखाटा’ विचारलंत तर ‘फाल्गुनराव संशयी होता’ हे गाइडातलं वाक्य सगळ्या पेपरांत सापडेल. त्यापेक्षा प्रवेशातलं एक पान छापून द्या आणि विचारा, कृत्तिकेनं न बघितलेली गोष्ट कोणत्या वाक्यात बघितल्यासारखी सांगितली आहे? वाक्य बरोबर शोधलं तर अर्धे गुण, कारणाला अर्धे. शुद्धलेखनाचे गुण या प्रश्नात कापू नका.