टेंपरेचर गेज बसवताना या चुका टाळा

कसारा घाट चढताना माझ्या जुन्या जीपचा काटा ९५ वरून घसरत ६० वर आला. मला वाटलं, चला, गाडी थंड झाली. ॲक्सिलरेटर आणखी दाबला. पुढच्याच वळणावर बॉनेटखालून वाफ. रेडिएटरचा होज पाइप फाटून पाणी रस्त्यावर गेलं होतं आणि सेन्सर कोरडा पडला होता. इंजिन किती तापलंय ते गेजला कळत नाही. सेन्सरच्या टोकाला जे लागेल, पाणी किंवा हवा, त्याचंच तापमान ते दाखवतं. कंपनीचं नसलेलं, बाहेरून आणलेलं गेज बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पहिली गोष्ट जागा. सोपं म्हणून सगळे रेडिएटरचा वरचा होज कापून त्यात सेन्सर बसवायचा अडॅप्टर घालतात. पण बहुतेक गाड्यांत हा होज थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, पुढे असतो आणि थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर होजमधलं पाणी जवळजवळ गारच. मग सकाळी काटा बराच वेळ हलत नाही आणि एकदम उडी मारतो. लोक गेज बदलून आणतात, बिचाऱ्याचा काही दोष नसतो. सिलिंडर हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) प्लगने बुजवलेलं रिकामं भोक असेल तर सेन्सर तिथे घ्या. खालच्या होजमध्ये बसवू नका, तिथे रेडिएटरमधून गार होऊन आलेलं पाणी असतं. आणि जागा हवी म्हणून कंपनीचा सेन्सर काढू तर मुळीच नका. इंधन किती द्यायचं, फॅन कधी लावायचा, हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याच्यावर ठरवतं.

आता अर्थिंग. एका वायरचा सेन्सर अर्थ, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, स्वतःच्या धातूच्या बॉडीतूनच घेतो. रबरी होजच्या मधोमध बसलेल्या अडॅप्टरला तो मिळणार कुठून? काटा तळालाच चिकटून राहतो. अडॅप्टरच्या स्क्रूपासून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी वायर ओढा. सेन्सर हेडवर असला तरी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका, अर्थ तुटतो. हेडलाइट लावल्यावर काटा सरकत असेल तर गेजची अर्थ दिव्यांच्या अर्थवरून घेतलेली असणार. ती वेगळी करा.

तरी काटा हलत नसेल तर इग्निशन चालू ठेवून सेन्सरची वायर काढा आणि क्षणभर ब्लॉकला टेकवा. काट्याच्या नेहमीच्या गेजमध्ये काटा थेट लाल पट्ट्यात जायला हवा. गेला, तर गेज आणि वायर ठीक, खोट सेन्सरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. नाही गेला, तर फ्यूज आणि वायरिंग बघा.

काटा हलतो पण आकडा पटत नाही? मग सेन्सर दुसऱ्याच गेजचा असू शकतो. आटे जुळले म्हणजे सेन्सरचा विद्युत रोध गेजशी जुळला असं नाही, त्यामुळे दोन्ही एकाच संचातले घ्या. खात्रीसाठी सेन्सर लांब वायरने जोडून, अर्थ देऊन, उकळत्या पाण्यात बुडवा. मुंबईत काटा १०० च्या आसपास यावा, पुण्यात ९८. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ लाच उकळतं, तिथे बसून गेजला शिव्या देऊ नका.

आटे हाताने सुरू होत नसतील तर पान्हा लावू नका. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचे आटे गेले की शंभराचं काम हजारांत जातं. वायरऐवजी बारीक कॅपिलरी नळीवर चालणारं मेकॅनिकल गेज असेल तर नळी कापायची नाही की मुडपायची नाही. जास्तीची गोल गुंडाळून ठेवा.

काम झाल्यावर कूलंट भरा, हीटर गरमवर ठेवा, इंजिन चालवून हवा काढा आणि पुन्हा पातळी बघा. सेन्सरपाशी हवा अडकली तर काटा नाचतो.

आणि चढावर काटा विनाकारण उतरायला लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, थेट तोंडावर येतं.