फिल्टर छोटा केला आणि २९० मेगाहर्ट्झ गळू लागलं: माझा अनुभव (नागपूर)

लक्षण: १४५ मेगाहर्ट्झचा सात घटकांचा लो-पास फिल्टर, म्हणजे कटऑफच्या वरचे सिग्नल अडवणारा (कटऑफ १६० मेगाहर्ट्झ, तीन कॉइल ७१, ७८, ७१ नॅनोहेन्री, बाकी कपॅसिटर), ६० मिमीवरून २५ मिमीत बसवला. २९० वर, म्हणजे १४५ च्या दुप्पट हार्मोनिकवर, हिशेबाने ५० डीबी अडवणूक हवी, मिळाली ३१.

कपॅसिटर बदलले, वरून नुसतं झाकण ठेवलं. काहीच फरक नाही. दोन आठवडे डोकं उठलं.

खरा दोष: पहिली आणि तिसरी कॉइल समांतर होत्या, त्यामुळे सिग्नल मधलीला वळसा घालून थेट पलीकडे जात होता. शिवाय दोन कपॅसिटरचा ग्राउंड व्हाया (बोर्डच्या खालच्या ग्राउंडला जोडणारं धातूचं भोक) एकच. एक नॅनोहेन्रीचा व्हायाही २९० वर १.८ ओहम होतो, तोही दोघांत सामायिक!

हे याच क्रमाने करा. आधी प्रत्येक कपॅसिटरला पॅडलगत स्वतंत्र दोन व्हाया. मग कॉइल (५ मिमी ड्रिलवर ४ वेढे, लांबी ५ मिमी) एकमेकींना काटकोनात: एक आडवी, एक उभी बोर्डवर, एक लांबीच्या दिशेने. त्यानंतर इतवारीच्या भांडे ओळीतला ०.३ मिमी पितळी पत्रा दोन कॉइलच्या मधे पडदा म्हणून. खालची कड सलग झाळा, टिपके देऊन भागत नाही. झाकणही चारही बाजूंनी झाळायचं.

पत्रा जवळ आला की इंडक्टन्स घटतो, कटऑफ वर सरकतो. म्हणून झाकणाला आधीच भोकं ठेवा आणि प्लास्टिकच्या काडीने वेढे किंचित दाबून तो परत १६० वर आणा. कपॅसिटर सीझीरोजीच (C0G, तापमानाने मूल्य जवळपास न बदलणारे सिरॅमिक) घ्या, मे महिन्यातल्या ४५ अंशांतही ते हलत नाहीत.

आता २९० वर ४८ डीबी.